पोटातली नळी आणि माझा खोटेपणा

मी चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे आणि माझ्या पोटातून एक नळी बाहेर येते. बेंबीच्या डावीकडे, दोन बोटं खाली. तिच्यातून दिवसातून तीनदा दोन लिटर औषधी पाणी आत जातं आणि काही तासांनी शरीरातली घाण घेऊन बाहेर येतं. किडन्यांचं काम आता माझं पोट करतं. या डायलिसिसला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. आम्ही घरात त्याला नुसतं ‘पाणी’ म्हणतो. ‘बाबांचं पाणी झालं का?’ एवढंच.

हॉस्पिटलातल्या सिस्टर म्हणाल्या, आजोबा, तुम्ही अनुभव लिहा. ऐंशीच्या पुढचे पेशंट घाबरतात, घरचे त्याहून घाबरतात, तुमचं वाचून त्यांना धीर येईल. मी हो म्हटलं. लालबागच्या आमच्या चाळीत अर्ज, तक्रारी, लग्नपत्रिकेचा मजकूर, काहीही लिहायचं असलं की लोक माझ्याकडे येतात, त्यामुळे कागदाचं मला भय नाही. पण धीर देणारं लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर हात अडला. या वर्षभरात आजाराने मला खंगवलं नाही तेवढं शरमेने खंगवलं आहे. ती वगळून लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं मी एकदा बोलून बसलो आहे.

तो दिवस

आधी पाय सुजले. चपलेचा पट्टा बसेना. मग तोंडाची चव गेली. पानात बांगड्याचं तिखलं आणि मी हात धुऊन उठतोय, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. माझा मुलगा महेश मला परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. बरोबर सून वैशाली. माझी बायको सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात आम्ही तिघंच.

डॉक्टर तरुण होते आणि चांगले होते, पण बोलत होते महेशशी. आजोबांच्या किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत. हृदय अशक्त आहे. आठवड्यातून तीनदा इथे येऊन मशीनवर रक्त शुद्ध करता येईल, नाहीतर घरच्या घरी पोटातून करता येईल, नाहीतर काहीच न करता फक्त त्रास कमी ठेवायचा, तोही एक मार्ग आहे. ठरवा.

महेशने आवाज खाली केला. ‘‘डॉक्टर, या वयात करून उपयोग आहे का?’’

गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात त्या खात्यात, मी चोवीस वर्षं काढली. मागांच्या खडखडाटाने माझा एक कान गेला. महेशला वाटलं, तो बसलाय त्या बाजूचा. पण तो कान चांगला होता. मला राग नाही आला. उलट मान खाली गेली, कारण माझ्या मनातही तोच प्रश्न होता आणि मला त्याचं उत्तर ‘आहे’ असं हवं होतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला अजून जगायचं असतं हे चारचौघांत कबूल करायची मला लाज वाटली.

वैशाली मध्येच बोलली. ती नेहमीच मध्ये बोलते. ‘‘उपयोग म्हणजे काय? माणूस बसलंय ना समोर. त्यांना विचारा की.’’

डॉक्टर माझ्याकडे वळले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आठवड्यातून तीनदा खुर्चीत घालून मला कोण उतरवणार? मी म्हटलं, ‘‘घरी होत असेल तर करूया.’’ पोटातली नळी बसली ती अशी.

दार बंद

हॉस्पिटलात आठवडाभर शिकवणी झाली. सिस्टरनी एका एप्रनला नळी चिकटवून ठेवली होती, तिच्यावर सराव. महेशला दुसऱ्या दिवशी घाम फुटला आणि तो बाहेर बाकावर जाऊन बसला. शिकली ती वैशाली. मीही शिकलो, पण माझी बोटं थरथरतात, म्हणून सिस्टर म्हणाल्या, जोडणी सूनबाईच करतील, आजोबांनी हात लावायचा नाही.

घरी आल्यावर पहिली अडचण दाराची. पाणी करताना पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद, तोंडावर मास्क. चाळीत भर दुपारी दार बंद म्हणजे घरात भांडण तरी झालंय किंवा कोणी गेलंय तरी. पहिल्या आठवड्यात चारजणींनी कडी वाजवली. एकीने तर आतून उत्तर यायच्या आधीच ‘‘अगो बाय’’ म्हणून कपाळाला हात लावला. वैशालीने मग दारावर पाटी लावली: ‘बाबांचं पाणी चालू आहे. सगळे जिवंत आहेत.’ अक्षर माझं, मजकूर तिचा. पाण्याची पिशवी टांगायला छतातला पाळण्याचा हूक उपयोगी पडला. खोके पलंगाखाली आणि पोटमाळ्यावर. ज्यांची घरं लहान आहेत त्यांनी घाबरू नये, जागा होते.

दुसरी अडचण मी कोणाला सांगितली नाही. आमच्या घरची रीत जुनी. सून घरात येऊन पंचवीस वर्षं झाली, पण मी तिच्याशी सरळ कधी फारसं बोललो नव्हतो. बायको होती तोवर तिच्यामार्फत. ‘चहा टाक म्हणावं तिला,’ असं. आणि आता तीच सून माझा सदरा वर करून पोटावरचा चिकटपट्टीचा तुकडा अलगद सोडवत होती. माझं सुरकुतलेलं पोट, लेंग्याची नाडी सैल केलेली. मी भिंतीकडे बघत राही. वैशालीला ते कळत असणार, कारण ती त्या वेळी मुद्दाम इकडचं तिकडचं बोले. जोडणी करायची दोन मिनिटं तेवढी ती मास्क लावून अगदी चिडीचूप. एकदा का पाणी वाहायला लागलं की मास्कच्या आतूनच सुरू.

सकाळी नऊ ते साडेबारा ती मागच्या इमारतीत मंडळाच्या बालवाडीत मदतनीस होती. नऊ वर्षं. मुलं तिला वैशूताई म्हणत. कोणी चड्डीत केली, कोण रडत आईला चिकटलं, कोणी दुसऱ्याचा लाडू खाल्ला, हे सगळं मला दुपारच्या पाण्याच्या वेळी ऐकायला मिळे. मी ‘‘हं’’ एवढंच म्हणे. पण दुपारची वाट बघत असे, हे खरं.

पंधरा मिनिटं

त्या दुपारी तिने नेहमीसारखे हात धुतले, मास्क लावला, नळी जोडली. पोटातलं जुनं पाणी खालच्या पिशवीत उतरायला लागलं. याला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बालवाडीच्या कपाटाची चावी तिच्याकडे राहिली होती आणि स्नेहसंमेलनाचे कपडे आत अडकले होते.

‘‘बाबा, पंधरा मिनिटांत जाऊन येते. पाणी उतरू दे. कशाला हात लावू नका हां.’’

ती गेली, आणि थोड्या वेळाने पाणी थांबलं. नळीत बघितलं तर एक पांढरा धागा. खरोखरचा धागा नव्हे, पोटातूनच कधीकधी असा कापसासारखा तंतू येतो, सिस्टरनी ते शिकवलं होतं. असं झालं तर नळी बोटांनी हलके दाबायची, कूस बदलायची, नाहीच झालं तर हॉस्पिटलात फोन करायचा, हेही शिकवलं होतं. मी नळी दाबली. कुशीवर झालो. धागा जोडाच्या तोंडाशी अडकून बसला होता, हलेना.

आता साचेखात्यातलं थोडं सांगावं लागेल. मागावर धोटा असतो, उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, त्यात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हाताने काढत बसलं तर माग उभा राहतो. म्हणून आम्ही भोकाला ओठ लावायचो आणि जोरात श्वास ओढायचो. धागा ओठांवर येई. दिवसातून शेकडो वेळा. तोंडात कापसाची पूड जाई, ती थुंकायची आणि पुढचा धोटा घ्यायचा. सगळेच करत. धागा अडकला की तोंड पुढे, ही सवय हाडात मुरलेली.

मी माझ्या बाजूच्या नळीवरची चकती फिरवून ती बंद केली, नळीचा जोड सोडवला, आणि पिशवीकडच्या टोकाला ओठ लावून ओढलं.

तोंडात कोमट खारट पाणी आलं. धागाही आला. मी तो पंच्यात थुंकलो, टोक पंच्याच्याच दुसऱ्या कोपऱ्याने पुसलं आणि पुन्हा जोडलं. पाणी वाहायला लागलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली नाही, ऐट वाटली. ज्यासाठी पोरांना हॉस्पिटलात फोन करावा लागला असता ते काम म्हाताऱ्याने चुटकीसरशी केलं, असं वाटलं. शिकवलेलं सगळं डोक्यात होतं, पण ओठांना कोणी शिकवलं नव्हतं.

वैशाली धापा टाकत वर आली. हात धुतले, मास्क लावला, नवं पाणी आत सोडलं. ‘‘छान उतरलं की आज,’’ ती म्हणाली. मी ‘‘हं’’ म्हटलं.

पेज

दोन दिवसांनी सकाळी पिशवी उजेडात धरली तर पाणी गढूळ. भाताच्या पेजेसारखं. पोटात सुरी फिरवावी तशी कळ. शिकवणीतली पहिली ताकीदच ती होती, पाणी गढूळ दिसलं तर त्याच दिवशी या. महेश आणि चाळीतल्या दोघांनी मला खुर्चीतून उतरवलं. प्रत्येक पायरीला मी ओरडत होतो. इतकी वर्षं ज्या जिन्यात लोक मला मान देऊन बाजूला झाले, तिथे मी लहान पोरासारखा रडलो.

वॉर्डातले पहिले तीन दिवस धुरकट आठवतात. पहाटे पाचला दिवे लागायचे, झाडू फिरायचा, मग रक्त घ्यायला येणारी मुलगी. शेजारच्या खाटेवर माझ्याहून लहान एक गृहस्थ होते, त्यांची बायको रोज त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी आणि माझा एक कान गेलाय हे कळल्यावर माझ्यासाठी आवाज वाढवी. वॉर्डातल्या मावशींनी न सांगता माझे केस विंचरले. आजारपणात माणूस अशा गोष्टींवर तग धरतो. औषध त्या पोटाच्या पाण्यातूनच देत होते. चौथ्या दिवशी पाणी पुन्हा नितळ झालं.

आणि त्याच दिवशी रिपोर्ट आला.

तोंडातले जंतू

खाटेभोवती महेश, वैशाली आणि वरळीहून आलेली माझी मुलगी लता. डॉक्टर म्हणाले, ‘‘हे जंतू माणसाच्या तोंडात असतात. हातातून आलेले नाहीत. जोडणीच्या वेळी मास्क नीट नसेल, किंवा कोणी बोलत, खोकत असेल, तर असं होतं.’’

सगळे वैशालीकडे बघत होते. आमच्या घरात बडबड कोण करतं, हे चाळीत कोणालाही विचारा.

‘‘मी बोलत नाही हो जोडताना,’’ वैशाली म्हणाली. मग तिचीच खात्री डळमळली. ‘‘म्हणजे, त्या दिवशी मी पंधरा मिनिटं खाली गेले होते. पळत आले. धाप लागली होती. मास्क नाकावरून घसरला असेल तर... मला आठवत नाही.’’

‘‘खाली गेली होतीस?’’ लता म्हणाली. ‘‘वहिनी, बाबांचं पाणी चालू असताना?’’

डॉक्टर माझ्याकडे वाकले. चांगल्या कानाशी आले. ‘‘आजोबा, तुम्ही कशाला हात लावला नव्हता ना?’’

लिहिताना इथे मी खूप वेळ थांबलो आहे. काय काय मनात होतं ते सांगतो. नळी काढून टाकतील ही भीती होती. म्हातारा भ्रमिष्ट झाला, आता याच्यावर नजर ठेवायला हवी, असं महेशच्या डोळ्यांत दिसेल ही भीती होती. आणि चाळीत अर्ज लिहून देणारा मी, माझ्याबद्दल लोक म्हणतील की नळी चोखली, ही लाज होती. या सगळ्याला मिळून दोन श्वासांइतका वेळ लागला.

मी मान हलवली. नाही.

‘‘बाबा कशाला लावतील,’’ लता म्हणाली. ‘‘बाबांना सगळं कळतं.’’

अर्ज

घरी आल्यावर पहिल्या दुपारी वैशालीने दोन मास्क लावले, एकावर एक. हात धुताना ती पुटपुटत आकडे मोजत होती, तेही मास्क लावल्यावर थांबलं. जोडणी झाली, पाणी वाहायला लागलं. मी वाट बघितली. ती स्टुलावर बसून पिशवीकडे बघत राहिली. आज कोणी रडलं का, लाडू कोणी खाल्ला, काही नाही. खोलीत पंखाही बंद. मला नळीतलं पाणी ऐकू येत होतं, किंवा येतंय असं वाटत होतं.

रविवारी लता आली. जेवणं झाल्यावर विषय निघाला. बालवाडी आणि बाबा, दोन्ही एका बाईला कसं झेपेल? पुन्हा जंतू झाले तर नळी काढावी लागेल, डॉक्टर म्हणालेत. महेश म्हणाला, ‘‘मी काय सांगू, तूच बघ.’’ हे त्याचं नेहमीचं. वैशाली वाद घालेल असं मला वाटलं होतं. तिने घातला नाही.

‘‘सोडते,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या हातून चूक झाली आहे. परत झाली तर मला तोंड दाखवायला जागा नाही.’’

संध्याकाळी ती कागद आणि पेन घेऊन माझ्यापुढे आली. ‘‘बाबा, मंडळाला अर्ज द्यायचाय. तुम्ही लिहून द्या ना. तुमची भाषा बरी असते.’’

मी लिहिला. ‘माननीय सचिव यांसी, घरगुती अडचणीमुळे’ इथपासून ‘कळावे’पर्यंत. वळणदार अक्षरात, समास सोडून. नऊ वर्षं या संस्थेने मला जे प्रेम दिलं, असं एक वाक्यही घातलं. तिने ते वाचलं आणि डोळे पुसले. ‘‘किती छान लिहिलंत,’’ म्हणाली आणि खाली सही केली.

पेन माझ्या हातात होतं. त्याच कागदाच्या मागे मला चार शब्द लिहिता आले असते. खोलीत आम्ही दोघंच होतो. ती कागद फुंकर घालून वाळवत होती आणि मी चष्मा पुसत होतो. सोमवारी सकाळी ती अर्ज आणि कपाटाची चावी देऊन आली. वाटेत दूध घेऊन आली होती. ते तापवायला ठेवून ती गॅससमोर पाठ करून उभी राहिली, ऊतू जाईपर्यंत.

मी माझ्या आयुष्यात काही फार पुण्यवान माणूस नव्हतो. गिरणीचा संप फसला तेव्हा घरात चिडचिड केली आहे, बायकोवर हात एकदा उगारला आहे, तो खाली घेतला एवढंच. पण दुसऱ्याच्या हातून त्याची भाकरी काढून घ्यायचा कागद मी कधी लिहिला नव्हता. तो मी चौऱ्याऐंशीव्या वर्षी, स्वतःच्या सुनेसाठी लिहिला.

हात वर

तीन आठवड्यांनी सिस्टरनी वैशालीला पुन्हा शिकवणीला बोलावलं. नियमच तो, जंतू झाले की सगळं पहिल्यापासून करून दाखवायचं. मला तपासायचं होतं म्हणून मीही गेलो. छोटी खोली, बेसिन, तो नळीवाला एप्रन. सिस्टर घड्याळ बघत होत्या आणि वैशाली हात धूत होती. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. महेशहून मोठी, साठीला टेकलेली दोन माणसं बाकावर आपली पाळी यायची वाट बघत होती.

धुऊन झाल्यावर हात वर धरायचे, कशाला लावायचे नाहीत. वैशालीने हात वर धरले आणि सिस्टरना म्हणाली, ‘‘सिस्टर, मी दोन मास्क लावते आता. बोलत पण नाही अजिबात, पाणी संपेपर्यंत. माझं तोंडच वाईट. लहानपणापासून आई ओरडायची, तोंड आवर म्हणून. बघा, शेवटी कुठे नेलं त्याने.’’

ती हसत बोलली. म्हणून मला ते सहन झालं नाही.

माझ्या तोंडून गावाकडची भाषा बाहेर पडली. ‘‘तिचा तोंड नाय. माजा तोंड.’’

‘‘काय आजोबा?’’

‘‘नळी मी काढलंय. धागो अडाकलो हुतो. तोंडान् ओढलंय. ती खाली गेली हुती तेवा. तिका कायच म्हायत नाय.’’

सिस्टरना अर्धंच कळलं, म्हणून मला सगळं पुन्हा, नीट भाषेत, बाकावरच्या दोन अनोळखी माणसांदेखत सांगावं लागलं. धोटा, धागा, पंचा, थुंकी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मान हलवली तेही. अर्ज मीच लिहिला तेही. बाकावरच्या एकाने नजर खाली घातली, माझ्यावर उपकार केल्यासारखी.

सिस्टर म्हणाल्या, ‘‘आजोबा, हे त्याच दिवशी सांगितलं असतं तर आम्ही लगेच औषध सुरू केलं असतं. कदाचित ॲडमिटही व्हावं लागलं नसतं.’’ म्हणजे लपवलं मी इतरांपासून, पण त्याची पहिली शिक्षा माझ्याच पोटाला झाली होती. ती पुरेशी नव्हती.

या सगळ्या वेळात वैशाली ओले हात वर धरून उभी होती. कोपरांवरून पाणी ओघळून तिच्या ब्लाउजच्या बाह्या भिजल्या. मी तिच्याकडे बघण्याचा प्रयत्न केला, पण मला तिच्या मनगटांच्या वर बघता आलं नाही. मग तिने स्वच्छ कागदाने हात पुसले आणि विचारलं, ‘‘सिस्टर, पुढची पायरी दाखवू ना?’’

त्यानंतर

महेश म्हणाला, ‘‘बाबा, मला तरी सांगायचं होतं.’’ लताने वैशालीला फोन केला. वैशालीने तिच्याशी पापलेट किती महागलं यावर बोलून फोन ठेवला. मी मंडळाला दुसरा अर्ज लिहिला, यावेळी माझ्या नावाने, खरं कारण देऊन. तो द्यायला स्वतः जिना उतरलो. पाऊण तास लागला. सचिवांनी खुर्ची दिली, चहा दिला, अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, नवीन मुलगी लागली आहे, तिला कसं काढू? पुढच्या वर्षी बघू. त्यांचं काही चुकलं नाही. मी चहा प्यालो नाही, मला दिवसाला प्यायला मोजकंच पाणी आहे.

माझी तब्येत म्हणाल तर बरी आहे. सूज उतरली, चव परतली. पुन्हा जंतू झालेले नाहीत. वैशाली आता एकच मास्क लावते. गॅलरीत तिची बडबड पुन्हा सुरू झाली आहे, दार उघडं असलं की ऐकू येते. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. ‘‘कुशीवर व्हा.’’ ‘‘आत सोडते.’’ कामात काडीचीही कसर नाही. तिने पोटावरची पट्टी ओढून काढली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती अजूनही आधी पाण्याने भिजवून अलगदच काढते.

जे माझ्या वयाचे लोक नळी बसवायला घाबरत असतील त्यांना सांगतो, घाबरू नका, हे घरी होतं आणि चांगलं होतं. नळी अडली तर फोन करा. आणि हातून काही चुकलं तर त्याच तासाला सांगा, मग ते कितीही हसं करणारं असो. ज्याच्या हातात तुमचं पोट दिलं आहे, त्याच्यापासून तोंड लपवून चालत नाही.

हे लिहून झाल्यावर सिस्टरकडे द्यायच्या आधी मी वही वैशालीला वाचायला दिली. तिच्याबद्दल लिहिलंय, तर तिने बघायला हवं. ती स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचत होती. मधे एकदा कुकर बंद करायला थांबली. मग वही घेऊन आली आणि माझ्याच पेनाने एका ओळीवर तिने रेघ मारली. सिस्टरच्या खोलीतला प्रसंग जिथे संपतो तिथे मी लिहिलं होतं की घरी येताना टॅक्सीत वैशाली म्हणाली, ‘जाऊ द्या बाबा, चूक माणसाकडूनच होते.’

‘‘हे मी म्हटलं नव्हतं,’’ ती म्हणाली.

मी वही हातात घेतली. ‘‘मग तिथे काय लिहू?’’

‘‘जे झालं ते लिहा.’’

तर तसं लिहितो. टॅक्सीत वैशाली माझ्या शेजारी बसली होती. परळपासून लालबागपर्यंत ती काही बोलली नाही.